पट्ट्याविना पहिला

१० डिसेंबर १९५८. कॅनडातलं माँट्रिऑल शहर. लाइट हेवीवेट गटाच्या जगज्जेतेपदाच्या लढतीची पहिलीच फेरी चालू आहे आणि जगज्जेता आर्ची मूर पाठीवर पडलेला आहे. समोर उभा आहे इव्हॉन ड्युरेल, न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यावरचा एक मासेमार. मूर कसाबसा उठतो, पुन्हा पडतो. उठतो, तिसऱ्यांदा पडतो. त्याचं वय किती हेही नक्की नाही. तो स्वतः १९१६ सालचा जन्म सांगायचा, त्याची आई १९१३ म्हणायची. काही का असेना, चाळिशी उलटलेला माणूस एका फेरीत तीनदा जमीनदोस्त झाला की खेळ संपला असंच कुणीही म्हणेल. पाचव्या फेरीत तो चौथ्यांदा पडला. पण त्यानंतर मूरने हळूहळू सूत्रं हातात घेतली, ड्युरेलला पुन्हा पुन्हा खाली पाडलं आणि अकराव्या फेरीत त्याला नॉकआउट केलं.

या लढतीचं चित्रण आजही पाहायला मिळतं. ते पाहताना मुष्टियुद्धाच्या शौकिनाच्या मनात हटकून एक विचार येतो. त्याच माँट्रिऑलमध्ये आज आर्तुर बेतेरबिएव्ह राहतो. दागेस्तानमध्ये वाढलेल्या या माणसाने आपल्या पहिल्या वीसच्या वीस व्यावसायिक लढती नॉकआउटने जिंकल्या. ड्युरेलच्या जागी तो असता, तर मूर चौथ्यांदा पडायला उठला तरी असता का?

हा वाद मुष्टियुद्धाइतकाच जुना आहे. जुने लोक म्हणतात, आजच्यांनी वर्षाला दोन लढती करायच्या आणि पट्टे मिरवायचे, त्यांना कसली सर? तरुण म्हणतात, आजचा आहार, आजचं प्रशिक्षण, आजचा वेग यांच्यापुढे ते काळे-पांढरे पहिलवान किती टिकतील? दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. तरी दोघंही चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतात.

आधी या गटाचीच ओळख करून घेऊ. लाइट हेवीवेट म्हणजे १७५ पौंडांपर्यंतचे, आपल्या हिशेबात साधारण साडेएकोणऐंशी किलोंचे मुष्टियोद्धे. हा गट १९०३ साली जन्माला आला तो गरजेपोटी. शिकागोचा पत्रकार लू हाउसमन हा जॅक रूट नावाच्या खेळाडूचा व्यवस्थापकही होता. रूटला मिडलवेटचं वजन राखणं जमेना आणि हेवीवेटचे धिप्पाड गडी झेपेनात. मग हाउसमनने मधलाच एक गट सुचवला. त्या वर्षी एप्रिलमध्ये रूटने किड मॅकॉयला हरवलं आणि तो या गटाचा पहिला जगज्जेता झाला. जुलैत त्याच्याकडून जॉर्ज गार्डनरने आणि नोव्हेंबरात गार्डनरकडून बॉब फिट्झसिमन्सने अजिंक्यपद हिसकावलं. आठ महिन्यांत तीन जगज्जेते!

मधला गट हीच या गटाची जन्मखूण, आणि तेच त्याचं दुखणंही. वर हेवीवेटचा पैसा आणि मान, खाली मिडलवेटची चपळाई. चांगला लाइट हेवीवेट नावारूपाला आला की त्याचे डोळे वरच्या गटाकडे लागायचे. म्हणून या गटातल्या मोठ्या माणसांची गोष्ट त्यांच्या गटापुरती कधीच राहत नाही.

तुलनेत घोडं पहिल्यांदा पेंड खातं ते नियमांपाशी. १९८२ साली दक्षिण कोरियाचा दुक कू किम हा लाइटवेट मुष्टियोद्धा अजिंक्यपदाच्या लढतीत चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांनी मरण पावला. त्यानंतर पंधरा फेऱ्यांच्या लढती एकेका संघटनेने बारा फेऱ्यांवर आणल्या. निर्णय योग्यच होता, पण त्याने तुलनेचं गणित पार बदललं. बिली कॉनचंच पाहा. लाइट हेवीवेटचं अजिंक्यपद सोडून हा देखणा गडी १८ जून १९४१ रोजी न्यूयॉर्कमध्ये हेवीवेट जगज्जेत्या जो लुईसपुढे उभा राहिला. बारा फेऱ्या झाल्या तेव्हा तिघांपैकी दोघांच्या गुणपत्रिकेत कॉन पुढे होता, तिसऱ्याकडे बरोबरी. तेराव्या फेरीत लुईसला नॉकआउट करण्याच्या मोहात तो जवळ गेला आणि स्वतःच नॉकआउट झाला. आजच्या नियमांत ती तेरावी फेरी झालीच नसती. कॉन हेवीवेट जगज्जेता म्हणून घरी गेला असता आणि त्याचं नाव आज वेगळ्याच ओळीत असतं.

दुसरी गोष्ट वजनाची. पूर्वी लढतीच्याच दिवशी वजन व्हायचं. आता ते आदल्या दिवशी होतं. मधल्या वेळात शरीरातलं पाणी भरून निघतं आणि खेळाडू काट्यावरच्या आकड्यापेक्षा कितीतरी जड होऊन रिंगमध्ये उतरतो. म्हणजे कागदावर दोघंही १७५ पौंडांचे असले, तरी १९५० सालचा १७५ आणि आजचा १७५ ही एकाच अंगाची माणसं नव्हेत. शिवाय आज वर क्रूझरवेट आहे आणि खाली सुपर मिडलवेट. हे दोन्ही गट १९८०च्या आसपास आणि त्यानंतर आले. त्याआधी १६८ पौंडांच्या माणसाला एकतर घाम गाळून मिडलवेट व्हावं लागे, नाहीतर आपल्याहून जड गड्यांशी भिडावं लागे. आणि १९० पौंडांच्या माणसाला थेट हेवीवेटच्या जो फ्रेझरपुढे उभं राहण्यावाचून गत्यंतर नसे.

बॉब फॉस्टरवर नेमकी हीच वेळ आली. सहा फूट तीन इंच उंच, काडीसारखा सडपातळ. पण त्याचा डावा हुक असा की समोरच्याला दिवे मालवल्यासारखं व्हावं. मे १९६८ मध्ये त्याने नायजेरियाच्या जगज्जेत्या डिक टायगरला चौथ्या फेरीत झोपवलं. टायगर आयुष्यात नॉकआउट झाला तो तेवढा एकदाच. त्यानंतर फॉस्टरने चौदा वेळा अजिंक्यपद राखलं. हेवीवेटमध्ये मात्र फ्रेझरने त्याला दुसऱ्या फेरीत आणि महंमद अलीने आठव्या फेरीत हरवलं. अनेक याद्यांत या दोन पराभवांवरून त्याला खाली ढकलतात. हा सरळसरळ अन्याय आहे. आजच्या काळात तो क्रूझरवेटला गेला असता, तिथेही बहुधा पट्टा घेऊन आला असता आणि दोन गटांचा जगज्जेता म्हणून मिरवला असता.

जुन्या-नव्यांच्या वादात तिसरा फसवा साक्षीदार म्हणजे चित्रफीत. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला साधारण सोळा-अठरा चौकटी टिपल्या जात. तीच फीत पुढे चोवीस चौकटींच्या वेगाने दाखवली की माणसं दुडूदुडू धावणाऱ्या बाहुल्यांसारखी दिसतात. ते पाहून हसणाऱ्यांनी फीत योग्य वेगाने चालवून पाहावी. पावलं कशी पडतात, अंतर कसं मोजलं जातं, खांद्याआडून ठोसा कसा चुकवला जातो, हे सगळं तेव्हा नीट दिसू लागतं.

आणि काहींची तर फीतच नाही. हॅरी ग्रेब हा पिट्सबर्गचा मुष्टियोद्धा तेरा वर्षांत जवळपास तीनशे लढती लढला. आहे त्या चित्रणात तो फक्त सराव करताना दिसतो. एकाही लढतीचं चित्रण आज उपलब्ध नाही. वजनाने तो खरा मिडलवेट. तरी २३ मे १९२२ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने जीन टनीला अमेरिकेच्या लाइट हेवीवेट अजिंक्यपदाच्या लढतीत पंधरा फेऱ्या रक्तबंबाळ केलं. टनीचं नाक सुरुवातीलाच फुटलं होतं. हा तोच टनी, ज्याने पुढे जॅक डेम्प्सीला दोनदा हरवून हेवीवेटचं जगज्जेतेपद मिळवलं आणि राखलं. त्याच्या अख्ख्या कारकिर्दीतला हा एकमेव पराभव. पुढच्या लढतींत टनीने ग्रेबवर मात केली, पण डेम्प्सीला भारी पडलेल्या माणसाला एकदा तरी कुणी लोळवलं असेल, तर ते आपल्याहून हलक्या ग्रेबने. ग्रेबच्या काळात कित्येक ठिकाणी कायद्यानेच गुणांवर निकाल देता येत नसे. नॉकआउट झालं नाही, तर कोण जिंकलं हे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांवरून ठरायचं. अशा माणसाचा हिशेब ‘इतके विजय, इतके पराभव’ या एका ओळीत कसा मांडणार?

म्हणूनच ‘कोण कुणाला हरवेल’ हा प्रश्न करमणुकीपुरता ठीक. क्रमवारी लावायची तर विचारायचं ते हे की हा माणूस कुणाकुणाशी लढला, त्या वेळी समोरचा किती भरात होता, आणि कुणाला टाळणं शक्य असूनही त्याने टाळलं नाही. या कसोटीवर काळाची भिंत बरीचशी गळून पडते, कारण प्रत्येकाला त्याच्या त्याच्या काळातल्या माणसांशीच जोखता येतं.

ही कसोटी लावली की एक नाव सगळ्यांच्या वर येतं. आश्चर्य म्हणजे या माणसाला लाइट हेवीवेटचा जागतिक पट्टा कधी मिळालाच नाही. एझर्ड चार्ल्स.

जॉर्जियात जन्मलेला, सिनसिनाटीत वाढलेला हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा. हात झपाट्याचे, पाय हलके, दोन्ही हातांत नॉकआउटची ताकद. मिडलवेटमधला चार्ली बर्ली इतका अवघड होता की त्याच्या वाटेला जायला नामवंतही तयार नसत. विशीतल्या चार्ल्सने १९४२ मध्ये त्याला दोनदा हरवलं. १९४३ मध्ये जिमी बिव्हिन्स आणि लॉइड मार्शल यांनी चार्ल्सला मात दिली. सैन्यातली नोकरी आटपून आल्यावर त्याने दोघांचाही हिशेब चुकता केला. आणि आर्ची मूर? १९४६ मध्ये पिट्सबर्गला, १९४७ मध्ये सिनसिनाटीत, १९४८ मध्ये क्लीव्हलँडला, अशा तीन लढती आणि तिन्हींत चार्ल्स विजयी. शेवटच्या लढतीत तर मूर आठव्या फेरीत नॉकआउट झाला.

मग पट्टा का नाही? कारण पट्टा कुणाशी पणाला लावायचा हे पट्टेवाल्याच्या आणि त्याच्या व्यवस्थापकाच्या हातात होतं. महायुद्धाच्या काळात गस लेस्नेविच जगज्जेता होता. त्याच्यानंतर इंग्लंडचा फ्रेडी मिल्स आला, १९५० मध्ये जोई मॅक्सिम. चार्ल्सपुढे पट्टा पणाला लावण्यात यांच्यापैकी कुणाचाच फायदा नव्हता. हरण्याची शक्यता मोठी आणि तिकीटविक्री बेताची. कृष्णवर्णीयांना वाट पाहायला लावणं ही तर तेव्हाची रीतच होती. चार्ल्सच्या पिढीतले कितीतरी कसलेले कृष्णवर्णीय मुष्टियोद्धे एकमेकांशीच पुन्हा पुन्हा लढून झिजले, कारण दुसरं कुणी त्यांच्याशी लढायला तयार नव्हतं. हा या खेळाचा जुना कलंक आहे, आणि आजही क्रमवारी लावताना ‘किती वेळा जगज्जेता’ हा रकाना आधी भरणारा प्रत्येक जण नकळत त्या अन्यायावर पुन्हा शिक्का मारतो.

चार्ल्सची कहाणी फेब्रुवारी १९४८ मध्ये फार गडद झाली. शिकागोत त्याच्याशी लढताना सॅम बरूडी हा तरुण कोसळला आणि त्या जखमांनी मरण पावला. चार्ल्स मुष्टियुद्ध सोडण्याच्या विचारात होता. तो परतला, पण त्याच्या ठोशांतला पूर्वीचा निर्दयपणा परत आला नाही, असं त्याला जवळून पाहणारे सांगत राहिले. तरीही पुढच्या वर्षी तो हेवीवेटचा जगज्जेता झाला आणि १९५० मध्ये त्याने खुद्द जो लुईसला पंधरा फेऱ्यांत हरवलं.

मूरची वाटही काही सरळ नव्हती. १९३५ पासून लढणाऱ्या या माणसाला अजिंक्यपदाची पहिली संधी मिळाली १७ डिसेंबर १९५२ रोजी, म्हणजे तब्बल सतरा वर्षांनी. तीही कशी? मॅक्सिमला एक लाख डॉलरची हमी द्यावी लागली आणि मूरच्या हातात जेमतेम आठशे डॉलर पडले. तो जिंकला आणि जवळपास दहा वर्षं जगज्जेता राहिला. त्याच्या नावावर १३०हून अधिक नॉकआउट आहेत. आजच्या कुठल्याही जगज्जेत्याच्या एकूण लढतींहूनही कितीतरी जास्त. दोन्ही हात छातीपुढे आडवे दुमडून, त्यांच्याआडून समोरच्याला जोखत राहण्याची त्याची पद्धत प्रसिद्ध होती. माँट्रिऑलमध्ये चार वेळा पडूनही तो जिंकला ते या जोखण्याच्या बळावर. ड्युरेल दमायला लागलाय हे त्याने ड्युरेलच्याही आधी ओळखलं होतं.

म्हणजे जुनं ते सगळं सोनं? तसंही नाही. ‘द रिंग’ मासिकाचा संस्थापक नॅट फ्लायशर हा या खेळाचा मोठा जाणकार. त्याने सार्वकालिक यादी केली तेव्हा लाइट हेवीवेटमध्ये पहिला क्रमांक दिला किड मॅकॉयला. हाच मॅकॉय या गटाच्या पहिल्यावहिल्या अजिंक्यपदाच्या लढतीत रूटकडून हरला होता. तारुण्यात डोळे भरून पाहिलेला नायक माणसाला आयुष्यभर मोठाच दिसतो, मग तो माणूस फ्लायशर का असेना.

आणि नव्यांपैकी काहींचं कर्तृत्व कुठल्याही काळात उठून दिसलं असतं. मायकेल स्पिंक्स लाइट हेवीवेटमध्ये एकदाही हरला नाही. त्याने १९८३ मध्ये ड्वाइट ब्रॅक्स्टनला हरवून सगळे पट्टे एकत्र आणले. मग २१ सप्टेंबर १९८५ रोजी तो हेवीवेट जगज्जेत्या लॅरी होम्सपुढे उभा राहिला. होम्स तोवर ४८ लढतींत अपराजित होता. आणखी एक विजय मिळाला असता तर रॉकी मार्सियानोच्या ४९ची बरोबरी झाली असती. स्पिंक्सने त्याला पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरवलं. कॉनला जे जमलं नाही, मूरला जे जमलं नाही, ते लाइट हेवीवेटच्या सत्तेवर असलेल्या जगज्जेत्याने पहिल्यांदाच करून दाखवलं. हेवीवेटच्या माइक टायसनने १९८८ मध्ये त्याला ९१ सेकंदांत झोपवलं, तेवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. हे फार वाईट झालं.

रॉय जोन्सच्या वाट्याला याच्या उलट आलं. त्याचं भरातलं रूप पाहिलेल्यांना त्याच्यापुढे कुणीच दिसत नाही. हात पाठीमागे घेऊन उभा राहायचा आणि समोरच्याला कळायच्या आत ठोसा लागलेला असायचा. मार्च २००३ मध्ये त्याने जॉन रुइझला हरवून हेवीवेटचा एक पट्टाही मिळवला. आधी मिडलवेटचा जगज्जेता असलेल्या माणसाने हे करणं, हे फिट्झसिमन्सनंतर शंभरहून अधिक वर्षांनी घडत होतं. पण कसोटी लावली की प्रश्न उरतोच. त्याच काळात जर्मनीत दारियुश मिखाल्चेव्हस्की हा आणखी एक जगज्जेता अपराजित राहून एकामागून एक लढती जिंकत होता. दोघं कधी समोरासमोर आले नाहीत. जोन्स अमेरिका सोडेना, मिखाल्चेव्हस्की जर्मनी सोडेना. चार संघटनांचे चार पट्टे झाल्याने दोघांनाही आपापल्या गावचा राजा म्हणून राहता आलं. मे २००४ मध्ये अँटोनियो टार्व्हरच्या एका डाव्या ठोशाने दुसऱ्याच फेरीत जोन्सचं पर्व संपलं.

म्हणूनच १२ ऑक्टोबर २०२४च्या रियाधच्या लढतीचं मोल मोठं. एकीकडे बेतेरबिएव्ह, तीन पट्ट्यांचा मालक. दुसरीकडे दिमित्री बिव्होल. किर्गिझस्तानात जन्मलेला, २०२२ मध्ये सौल ‘कॅनेलो’ अल्वारेझला हरवणारा, तोही अपराजित. दोघंही सोव्हिएत मुशीतल्या हौशी मुष्टियुद्धात घडलेले. चार्ल्स आणि मूरच्या काळात त्या देशातला एकही माणूस व्यावसायिक रिंगमध्ये दिसला नसता. ‘आज स्पर्धा उरली नाही’ म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. अमेरिकेतले गल्लोगल्लीचे क्लब गेले हे खरं, पण जगाचं दार उघडलं हेही तितकंच खरं.

त्या रात्री बिव्होलचा जॅब सुरुवातीला बेतेरबिएव्हला जवळ येऊ देईना. बेतेरबिएव्ह मात्र न थकता पुढे येत राहिला. बिव्होलने हातांनी अडवलेले ठोसेसुद्धा त्याला अर्धं पाऊल मागे ढकलत होते. शेवटच्या फेऱ्या बेतेरबिएव्हने घेतल्या. एका परीक्षकाने बरोबरी दिली, दोघांनी बेतेरबिएव्हला जिंकवलं. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी तिथेच पुन्हा गाठ पडली. या वेळी मधल्या दडपणातून बाहेर पडून उत्तरार्ध बिव्होलने खेचून घेतला आणि पुन्हा एक बरोबरी, दोन मतं या हिशेबाने चारही पट्टे त्याच्याकडे आले. साडेचार महिन्यांत, भरातले दोघं, सगळं पणाला लावून दोनदा. हे चार्ल्स-मूरच्या काळातलं वागणं झालं.

आणि पुढे? दोन महिनेही उलटले नाहीत तोच चारपैकी एक पट्टा बिव्होलकडून सुटला आणि डेव्हिड बेनाव्हिडेझच्या कमरेला गेला.

तर मग क्रम लावायचा झाला तर कसा? चार्ल्स पहिला. त्याच्या खाली मूर, मग टनी आणि स्पिंक्स. त्यांच्या मागोमाग फॉस्टर, आणि जोन्स त्याच्या खांद्याला खांदा लावून. ग्रेबला यादीत बसवणं अवघड, कारण मिडलवेटची यादी त्याला सोडणार नाही. बिव्होल पहिल्या दहांच्या उंबरठ्यावर आहे आणि बेतेरबिएव्ह त्याच्या लगत. त्यांच्या कसबाविषयी शंका नाही. त्यांचा पंचविसेक लढतींचा हिशेब मूरच्या दोनशेहून अधिक लढतींशेजारी ठेवला की तो तोकडा दिसतो, इतकंच. बेतेरबिएव्ह बहरला तोवर पस्तिशी उलटली होती. बिव्होलकडे अजून काही वर्षं आहेत. तिसरी लढत झाली, बेनाव्हिडेझशी गाठ पडली, तर उंबरठा ओलांडायला त्याला वेळ लागणार नाही.

आणि चार्ल्सला पहिला मानणं ज्यांना पटत नसेल, त्यांनी एवढंच पाहावं. ज्या लेस्नेविचने लाइट हेवीवेटचा पट्टा सांभाळताना चार्ल्सला कधी जवळ येऊ दिलं नाही, तोच ऑगस्ट १९४९ मध्ये यँकी स्टेडियमवर हेवीवेट जगज्जेत्या चार्ल्सला आव्हान द्यायला आला. पंधरा फेऱ्यांची ती लढत निम्म्यावरच थांबवावी लागली. मॅक्सिमशी चार्ल्स पाच वेळा लढला आणि पाचही वेळा जिंकला. मूरचे तीन पराभव वर आलेच आहेत. लेस्नेविच, मॅक्सिम आणि मूर. १९४१ ते १९६२ या एकवीस वर्षांत मिल्सची दीड वर्षं वगळली, तर हा पट्टा याच तिघांच्या कमरेला होता.